त्याच्या जोडीदारासाठीही

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी आमच्या भागातली क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटचालीतल्या चौदा स्थानांची प्रार्थना, एका रेल्वेवाल्यांच्या घरी होती. मार्च अजून सरला नव्हता, तरी भुसावळच्या भिंतींना संध्याकाळी सातलाही हात लावता येत नव्हता. कूलरच्या घरघरीत वाचन ऐकू येईना म्हणून यजमानांनी तो बंद केला, आणि चौदाही स्थानं होईपर्यंत आम्ही सगळे पदराने, रुमालाने, गीतांच्या पुस्तकाने वारा घेत राहिलो. वाट संपली की ज्याने त्याने आपली विनंती सांगायची असते. कुणी बारावीला बसलेल्या नातीचं नाव घेतलं, कुणी डायलिसिसवरच्या भावाचं. एकाला बदली हवी होती. मावशीची पाळी आली तेव्हा ती काठी बाजूला सरकवून सरळ बसली आणि म्हणाली, "माझ्या मुलासाठी, आणि त्याच्या जोडीदारासाठीही. दोघांची तब्येत नीट राहू दे, हाताला काम राहू दे, एकमेकांना सांभाळून राहू दे." प्रार्थना चालवणारे गृहस्थ शेवटी सगळ्यांच्या विनंत्या गोळा करून मोठ्याने म्हणतात. नात आली, भाऊ आला, बदलीही आली. मग "आपल्या या बहिणीच्या मुलासाठी" एवढंच आलं आणि ते पुढच्या विनंतीकडे वळले. आम्ही म्हटलं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मग लिंबाचं सरबत फिरलं.

रिक्षाची वाट बघत उभ्या असताना मावशी एवढंच बोलली, "अर्धीच घेतली गं माझी."

मला त्या गृहस्थांचा राग आला, पण सरळ आला नाही. माझे वडील गेले तेव्हा कबर खणायला माणसं लावण्यापासून महिन्याच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपर्यंत, हाच माणूस आमच्या दारात उभा होता. मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्ताची बाटली यांनीच मिळवली. घाबरट नाहीत, कपटी तर अजिबात नाहीत. मावशीचं वाक्य ओठांवर आलं तेव्हा हे देवापुढे म्हणणं योग्य नाही असं त्यांना वाटलं असणार, आणि म्हणून त्यांनी ते गिळलं. प्रार्थना स्वच्छ ठेवली, असंही वाटलं असेल. चांगल्या माणसाला हे कुणी शिकवलं, कधी शिकवलं, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या चर्चमध्ये समलिंगी माणसांवर कधी प्रवचन झाल्याचं मला आठवत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात सहावी आज्ञा, 'व्यभिचार करू नकोस', आली की मास्तर घाईने सातवीकडे जायचे. तरी ते आम्हा सगळ्यांपर्यंत पोचलेलं होतं.

मावशी माझी सख्खी मावशी नाही. आईच्या गावची, नगर जिल्ह्यातली. दोघींची लग्नं रेल्वेतल्या माणसांशी झाली आणि दोघी तापीकाठच्या या उन्हात आल्या. रेल्वेने माणसं आणली तशी आमची सभा जमली: गोव्याचे ड्रायव्हर आणि गार्ड, तमिळ फिटर, थोडे उरलेले अँग्लो-इंडियन, केरळच्या नर्स, आणि आम्ही मराठी, बहुतेक नगर-नाशिककडचे. एक मिस्सा इंग्रजीत, एक मराठीत. १९८७ मध्ये पुण्यापासून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबार सगळं नाशिकच्या बिशपांकडे. सप्टेंबरात हरेगावची मतमाउली, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा. तिथे नातेवाईक भेटतात, स्थळं निघतात, कुणाचं काय चाललंय ते कळतं. एवढ्याशा समाजात काही लपून राहत नाही. मावशीच्या मुलाचंही राहिलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे ठाऊक नसल्यासारखे वागत होते. त्या शुक्रवारी तिने ते मोठ्याने म्हटलं, इतकंच.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने आईला सांगितलं तेव्हा ती त्याच्याशी काही दिवस बोललीच नाही. मग एका रात्री फोन करून विचारलं, "जेवतोस का नीट? आणि तो कोण आहे, तो जेवतो का?" तो यावलकडचा आहे, लेवा पाटील, केळीवाल्यांच्या घरातला. त्याच्या घरच्यांनी संबंध तोडले नाहीत, पण सणाला बोलावणंही येत नाही. मावशी जळगावच्या दवाखान्यात होती तेव्हा मुलाला रजा मिळेपर्यंत हाच येऊन राहिला. रात्री कॉटखाली चटई टाकून झोपायचा, ती हलली की उठायचा. बायकांच्या वॉर्डात पुरुष कसा, म्हणून आयाबाई कुरकुरल्या, तेव्हा मावशीने त्यांना सुनावलं, "मुलगा आहे माझा, दिसत नाही?" तिच्या साखरेचा तक्ता अजूनही त्याच्या फोनमध्ये आहे. हिवाळ्यात भुसावळला आला की बामणोदची वांगी आणतो, अंगणात कपाशीच्या काड्या पेटवतो आणि सोललेली वांगी लाकडी बडगीत ठेचत बसतो. मावशी ओट्यावर बसून तेलावरून त्याच्याशी भांडते. डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय, आणि तो म्हणतो, "मावशी, मग ते भरीत नाही, नुसतं वांगंच खा तू." दुसऱ्या दिवशीही घरातल्या चादरींना त्या धुराचा वास येतो. मी त्या घरी गेले की मला तो वास आवडतो.

या दोघांबद्दल माझं चर्च काय म्हणतं, ते मला ऐकीव नको होतं, नीट वाचायचं होतं.

कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, यावर तीन परिच्छेद आहेत, २३५७ ते २३५९. पहिल्यात म्हटलंय की समलिंगी कृत्यं मुळातच आपल्या हेतूपासून ढळलेली आहेत, निसर्गनियमाच्या विरुद्ध आहेत, आणि कुठल्याही परिस्थितीत त्यांना मान्यता देता येत नाही. दुसऱ्यात, अशा माणसांना आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकारावं, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव होऊ नये. तिसऱ्यात, त्यांनी संयमाने जगावं, आणि त्यासाठी त्यांना निरपेक्ष मैत्रीचा आधार मिळावा. याच्या मागे १९७५ चं रोमचं एक निवेदन आहे. काहींचा कल तात्पुरता नसतो, जन्मजात म्हणावा असा असतो, हे त्यात प्रथमच मान्य केलं होतं. अकरा वर्षांनी, १९८६ मध्ये, कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांच्या सहीचं पत्र आलं. कल हा स्वतः पाप नव्हे, पण तो वाईटाकडे झुकलेला असल्यामुळे सदोषच समजायचा, असं त्यात बजावलं. १९९२ मध्ये कॅटेकिझम निघाला तेव्हा २३५८ मध्ये एक साधं विधान होतं: ही माणसं आपली ही अवस्था निवडत नाहीत. १९९७ मध्ये ग्रंथाची अधिकृत लॅटिन आवृत्ती आली, त्यात ते विधान नाही. त्या जागी, हा कल सदोष आहे, असं वाक्य आलं.

मी ते दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. मावशी पहिल्यापासून एकच गोष्ट सांगत आलीय, "त्याने काय हौसेने घेतलंय का हे?" पाच वर्षं तिचं हे म्हणणं चर्चच्या ग्रंथात छापलेलं होतं. मग काढून टाकलं. रोमच्या त्या टेबलावर कुणा बिशपांचा काय हेतू होता हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. पण भुसावळच्या घरात जे गळलं त्याच्या कितीतरी आधी तिथे काहीतरी गळलेलं होतं, हे मला दिसलं.

नंदुरबार-नवापूरकडे मिशनऱ्यांच्या काळापासून प्रोटेस्टंट वस्ती मोठी आहे. तिकडच्या एका ओळखीच्या बाईशी मी या विषयावर बोलले, तर तिने लगेच बायबलमधली वचनं काढली: लेवीय १८:२२, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, सदोमची गोष्ट. सदोमबद्दल मी तिला यहेज्केल १६:४९ दाखवलं. तिथे सदोमचा अपराध म्हणून गर्व, अन्नाची रेलचेल आणि गरिबाचा हात न धरणं लिहिलंय. रोमकरांसच्या अध्यायापुढे मात्र माझ्याकडे तसं चटकन दाखवण्यासारखं काही नव्हतं, आणि आजही नाही. प्रेषित पॉल तिथे जे म्हणतो ते म्हणतो. त्याच्या डोळ्यांपुढे कोण माणसं होती यावर विद्वानांचे वाद आहेत. तो वाद मला महत्त्वाचा वाटतो, पण आमच्याकडे भिंत उभी आहे ती मुख्यतः वचनांवर नव्हे. ती निसर्गावर उभी आहे.

तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने ती नीट रचली. देहाच्या प्रत्येक शक्तीला देवाने हेतू दिलाय, संगाचा हेतू संतती आहे, आणि ज्या कृतीतून स्वभावतःच संतती संभवत नाही ती त्या हेतूला मोडते. हे वाचताना मला त्यातली शिस्त जाणवते. देह म्हणजे वाटेल तसं वापरायचं साहित्य नाही, त्याला स्वतःचा अर्थ आहे, हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही. बायकांच्या देहाचं जे होतं ते रोज पेपरात वाचणाऱ्या बाईला ते हलक्यात घेता येत नाही. पण त्याच थॉमसने वासनेच्या पापांची उतरंड लावली तेव्हा निसर्गाविरुद्धची कृत्यं बलात्काराच्या वर, जास्त गंभीर म्हणून ठेवली. कारण बलात्कारात माणसावर अन्याय होतो आणि निसर्गाविरुद्ध वागण्यात निसर्ग घडवणाऱ्या देवाचा अपमान. त्या पानावर मी थांबले. ज्या मोजमापात जबरदस्ती झालेल्या बाईचं दुःख दोघांच्या राजीखुशीपेक्षा हलकं ठरतं, त्या मोजमापात काहीतरी मोठं राहून गेलंय. थॉमस संत आहे, माझ्यापेक्षा हजारपट बुद्धिमान आहे, तरी हे मी म्हणणार.

आणि "निसर्गक्रम" हा शब्द आमच्या घरात मोकळ्या कानाने ऐकता येत नाही. माझे आजोबा नगर जिल्ह्यात महारवाड्यात वाढले. विहिरीपासून किती अंतरावर उभं राहायचं, कुणाच्या सावलीपासून कुठे सरकायचं, ही सगळी सृष्टीची व्यवस्था आहे, असंच त्यांना लहानपणापासून सांगितलं होतं. सांगणारेही चांगलेच लोक होते, अडीअडचणीला धान्य देणारे. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो या व्यवस्थेपेक्षा वेगळं सांगणारा कुणी भेटला म्हणून. नंतर चर्चमध्येही बाकांच्या रांगा जातीने लागताना त्यांनी पाहिल्या आणि ते फादरांशी भांडले. कुणी मला सांगतं की अमुक माणसाचं प्रेम निसर्गाच्या विरुद्ध आहे, तेव्हा मी आजोबांच्या बाजूने ऐकते. मला विचारावंसं वाटतं, निसर्ग वाचला कुणी, आणि कुठल्या ओट्यावर बसून?

एक खरं, की याच निसर्गनियमाने आमच्या बाजूनेही साक्ष दिलीय. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी ठणकावलं की अमेरिका खंडातले मूळ रहिवासी ही पूर्ण माणसं आहेत, त्यांना गुलाम करता येणार नाही. आणि १८६६ मध्ये, पोप नववे पायस यांच्या काळात, रोमच्या होली ऑफिसने, म्हणजे शिकवणीवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यालयाने, लिहून दिलं की गुलामगिरी मुळात निसर्गनियमाच्या विरुद्ध नाही. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने गुलामगिरीला मानवतेचा कलंक म्हटलं. फाशीच्या शिक्षेचं तर आपल्या डोळ्यांदेखत झालं, २०१८ मध्ये कॅटेकिझमचा तो परिच्छेदच बदलला. ग्रंथ बदलत नसतो असं जे म्हणतात त्यांनी तो उघडून बघावा.

आता एक गोष्ट आमच्या बायकांमधली. आमच्या सभेत बहुतेक घरांत दोन मुलं आहेत. कुणी रेल्वेच्या दवाखान्यात, कुणी सरकारी दवाखान्यात, दुसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशन करून घेतलेलं आहे. माझंही झालंय. जुलै १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी 'ह्युमाने विताए' या पत्रात कृत्रिम संततिनियमन आणि असं ऑपरेशन, दोन्ही स्पष्ट निषिद्ध ठरवलं. या प्रश्नावर नेमलेल्या आयोगातल्या बहुमताचा सल्ला उलटा होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. कारण तेच: प्रत्येक संग संततीसाठी खुला असला पाहिजे. म्हणजे ज्या तत्त्वाने मावशीच्या मुलाचा संसार नाकारला जातो, त्याच तत्त्वाने आमच्या निम्म्या बायकांचा संसारही सदोष ठरतो. पण आम्हाला कुणी विनंतीतून गाळत नाही. मुलाबाळांसाठी, नवऱ्याच्या प्रमोशनसाठी आमची प्रार्थना पूर्ण घेतली जाते, आम्ही रांगेत उभ्या राहून कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, घेतो, आणि मी ते मनात कसलीही खोट न ठेवता घेते. गरिबी, थकलेलं शरीर, आधीची दोन मुलं हे सगळं देव आणि मी मिळून तोललं, आणि चर्चने माझ्या त्या तोलण्यात नाक खुपसलं नाही. एवढी जागा मला मिळते, मग त्या दोघांना का नाही? चार्ल्स करन नावाच्या अमेरिकन धर्मगुरूने हे दोन्ही प्रश्न उघडपणे विचारले, आणि १९८६ मध्ये रोमने त्यांना कॅथलिक धर्मशास्त्र शिकवायला मनाई केली. जॉन मॅकनील या जेझुइट संघातल्या धर्मगुरूने १९७६ मध्ये समलिंगी प्रेमाच्या बाजूने ग्रंथ लिहिला. त्यांना आधी गप्प बसवलं, मग १९८७ मध्ये संघातून काढलं. विचारणाऱ्यांना किंमत मोजावी लागली. आम्ही बायका न विचारता जगलो म्हणून आम्हाला लागली नाही.

मावशीकडे अजूनही स्थळं येतात. हरेगावला गेलं की कुणीतरी हमखास बाजूला घेतं. मुलगी नर्सिंगला आहे, रंगाने उजळ आहे, आणि हळू आवाजात, "लग्न लावून द्या, आपोआप सुधरेल." आपल्या खानदेशात, आणि नगरकडेही, या दुखण्यावर सगळ्या जातीधर्मांत हाच एक उतारा आहे. इथे मला चर्चच्या कायद्याचा खरोखर अभिमान वाटतो. १९८३ च्या कॅनन कायद्यात कलम १०९५ आहे. विवाहाची मूळ जबाबदारी पेलण्याची मनाची क्षमताच नसेल तर ते लग्न झालेलंच नसतं. कलम १०९८ सांगतं की संसार मोडेल अशी मोठी गोष्ट संमती मिळवण्यासाठी फसवून लपवली, तरी ते रद्दबातल. म्हणजे "लावून द्या" म्हणणारा कॅथलिक माणूस आपल्याच चर्चच्या विरुद्ध सल्ला देतो, आणि एका नर्सिंगवाल्या मुलीचं आयुष्य त्यात घालतो. मावशीला कलमं ठाऊक नाहीत. ती म्हणते, "कुणाच्या लेकीचं वाटोळं करून मला सून आणायची नाही." एकदा एका नातेवाइकाने फारच रेटलं तेव्हा तिने त्याला उभ्या उभ्या सांगितलं की माझ्या मुलाचं लग्न झालंय, आता विषय नको. तो बराच वेळ पोळीचा तुकडा हातात धरून बसला होता.

बाहेरच्या जगात या काळात बरंच काही घडून गेलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेच्या कलम ३७७ मधला प्रौढांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा भाग काढला. तो खटला चालत असताना त्या कलमाच्या बाजूने न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या, याची मला लाज वाटते. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं की चर्च समलिंगींना गुन्हेगार मानत नाही. आपल्या रावेरमधून २०२४ मध्ये वंचितने शमिभा पाटील या पारलिंगी स्त्रीला विधानसभेची उमेदवारी जाहीर केली. मावशीच्या शेजारणींना तिच्यात आणि मावशीच्या मुलात फरक कळत नाही, पण त्यांनी टीव्हीवर तिला बोलताना नीट ऐकलं. पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये विमानात पत्रकारांना म्हणाले होते, देवाचा शोध घेणाऱ्या अशा माणसाचा न्याय करणारा मी कोण. २०२१ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत रोमने सांगितलं की अशा जोडप्यांना आशीर्वाद देता येणार नाही, आणि १८ डिसेंबर २०२३ ला 'फिदुचिया सुप्लिकान्स' नावाचं निवेदन काढून सांगितलं की विवाहविधी वाटणार नाही अशा रीतीने देता येईल. आफ्रिकेतल्या बऱ्याच बिशपांनी ते नाकारलं. मग ४ जानेवारी २०२४ ला रोमने खुलासा केला: आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा. नमुन्यादाखल प्रार्थनाही दिली. प्रभो, तुझ्या या लेकरांकडे पाहा, यांना आरोग्य दे, काम दे, शांती दे, परस्परांची साथ दे, आणि तुझ्या शुभवर्तमानाच्या विरुद्ध जे आहे त्यातून यांना सोडव.

हे वाचल्यावर मी कागद घेऊन मावशीकडे गेले. तब्येत, काम, एकमेकांना सांभाळणं. क्रूसाच्या वाटेला तिने जे मागितलं तेच, जवळजवळ त्याच क्रमाने, रोमने मागायला परवानगी दिली होती. तिने ते दोनदा वाचून घेतलं. "शेवटचं वाक्य?" मी विचारलं. "ते सगळ्यांनाच लागू आहे की," ती म्हणाली, आणि आत चहा टाकायला गेली.

आमचे फादर तरुण आहेत, सातपुड्यातल्या आदिवासी गावांत काही वर्षं काढून आलेले, ऐकून घेणारे. एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं बोलले. ते म्हणाले, "ताई, चर्च त्या मुलाकडे जे मागतं ते माझ्याकडेही मागतं. मीही एकटा झोपतो." मी म्हटलं, "फादर, तुम्ही ते निवडलंत, कितीतरी वर्षं शिकून, विचार करून. तुम्हाला घर आहे, सोबतीला धर्मगुरूंचा समाज आहे, म्हातारपणी बिशप बघतील. त्याला हे पंधराव्या वर्षी कुणी न विचारता सांगितलं, आणि सोबतीला जो मिळाला तोही सोड म्हटलं." त्यावर त्यांनी जे सांगितलं त्याने मी विचारात पडले. नवऱ्याने टाकलेल्या बाईलाही चर्च दुसरं लग्न करू देत नाही, ते म्हणाले, तिने तर काहीच निवडलेलं नसतं. तिला आपण सांगतो की हा तुझा क्रूस आहे. त्या मुलाला सूट दिली तर तिला काय सांगायचं? भुसावळमध्येच अशा बायका आहेत, मला त्यांची घरं माहीत आहेत. मी बराच वेळ गप्प होते. मग जे वाटलं ते म्हटलं, की तिलाही हे सांगू नये. तिच्या क्रूसाची लांबी आपण ठरवायची, आणि तो उचलायचा तिने, हे मला येशूच्या तोंडी घालवत नाही. फादर हसले नाहीत की रागावलेही नाहीत. अक्वायनसचंच दुसरं पान त्यांनी मला दाखवलं, जिथे तो म्हणतो की सामान्य तत्त्वावरून जसजसं तपशिलात उतरावं तसतशी चूक होण्याची शक्यता वाढते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'अमोरिस लेतित्सिया' पत्रात ते उद्धृत केलंय. "मी इथपर्यंत तुमच्याबरोबर येतो," ते म्हणाले. "पुढे माझी शपथ आडवी येते." त्यांच्या या प्रामाणिकपणाची मला कदर आहे. पोप लिओ चौदावे यांनीही मुलाखतीत सांगितलंय की ही शिकवण नजीकच्या काळात बदलेल असं त्यांना वाटत नाही. म्हणजे माझ्या हयातीत मला ग्रंथात ते वाक्य परत छापलेलं दिसेल, अशी आशा मी धरत नाही.

चर्च मी सोडणार नाही. आजोबांनी भांडून जी जागा मिळवली ती माझी आहे, आणि तिथे बसूनच मला हे म्हणायचंय. त्या दोघांमध्ये मी जे पाहते ते पाप आहे असं मला वाटत नाही. ते प्रेम आहे. ज्या धर्मशास्त्राला दवाखान्यातल्या त्या चटईचं वजन करता येत नाही, त्याचं काम अजून अपुरं आहे. निघताना फादरांनी विचारलं की दृढीकरणाच्या संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांना सदसद्विवेकबुद्धीवर एक तास घ्याल का. मी हो म्हटलं. पण अट घातली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या दस्तऐवजातला सोळावा परिच्छेद वाचणार, ज्यात म्हटलंय की सदसद्विवेकात माणूस देवाबरोबर एकटा असतो. २३५८ वाचणार, आणि १९९२ चं ते काढून टाकलेलं वाक्यही वाचणार. त्या वर्गात पंधरा-सोळा वर्षांची मुलं बसतात, आणि त्यांतल्या कुणाला तरी ते ऐकायची गरज असू शकते. फादर थोडा वेळ वहीत काहीतरी लिहीत राहिले. मग म्हणाले, घ्या, पण पालकांना आधी कळवा.

कळवणार आहे. त्यांतले एक पालक म्हणजे त्या शुक्रवारी प्रार्थना चालवणारे गृहस्थच आहेत, धाकटी मुलगी त्याच वर्गात आहे. त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगणार आहे, आणि रोमची ती नमुन्याची प्रार्थना त्यांना वाचायला देणार आहे.